गाडी भाड्याची, हिशेब आपला

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशी पहाटे साडेचारला आमच्या घरात दिवा लागतो. सासूबाईंचे डायलिसिस सकाळी सहाच्या पाळीत असते. पिंपरीतल्या आमच्या घरापासून दवाखाना आठ किलोमीटर. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून भागतो, परंतु जाण्यायेण्याचे भाडे खिशातूनच द्यावे लागते. पूर्वी वस्तीतलेच एक रिक्षावाले भाऊ नेमाने येत. ते मुलाकडे राहायला गेले आणि आम्ही मोबाईलवरून गाडी बोलावू लागलो. पहाटे सव्वापाचला गाडी येतेय असे दिसते आणि पाच मिनिटांनी चालक फेरी रद्द करतो. दोनदा असे झाले की आम्ही पावणेसातला पोहोचलो. मशीन कोणासाठी थांबत नाही, पुढच्या पाळीचे रुग्ण दारात बसलेले असतात. चार तासांऐवजी सव्वातीन तासांत सासूबाईंना उठविले. त्या रात्री त्यांना धाप लागली, आणि आम्ही घरातली सगळी माणसे उशीला टेकून बसवलेल्या म्हातारीकडे बघत जागत राहिलो.

दारात गाडी हवी, हे त्या रात्री ठरले. कोणती आणि कशी, हे ठरायला दोन महिने गेले. २०२५ च्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. या दोन महिन्यांत जे कागद वाचले आणि जी बेरीज-वजाबाकी केली, ती वाचकांपुढे मांडावी असे वाटले. कारण हल्ली आपल्या समाजातली नोकरीला लागलेली मुले-मुली 'लीज' हा शब्द बोलू लागली आहेत. महिन्याला इतके भरा, गाडी वापरा, मुदत संपली की परत करा. ऐकायला गोड वाटते. आम्ही बी.कॉम. झालेल्या, कारकुनी करणाऱ्या. वस्तीतल्या आयाबहिणींचे कागद वाचून देणे हे आमचे रविवारचे काम. तरीही या कागदाने आम्हांला घाम फोडला.

पहिला वाद घरातच झाला. आमचे मिस्टर चाकणला शिफ्टमध्ये आहेत. ते फारसे बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. "आमच्या आज्याच्या नावावर काही नव्हतं, बापाच्या नावावर एक सायकल होती. आता कुठं ऐपत आली, तर तू गाडीही भाड्यानंच आणणार?" या बोलण्याला उत्तर देणे सोपे नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या मालकी नाकारली गेली, त्यांना मालकीची ओढ असणारच. सासऱ्यांनी ती सायकल हप्त्याने घेतली होती आणि शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी पेढे वाटले होते, असे सासूबाई अजून सांगतात.

आम्ही एवढेच म्हणालो, "अहो, घर आपल्या नावावर आहे ना? जागेची किंमत वाढते. गाडीची शोरूमबाहेर पडल्या दिवसापासून उतरते. घसारा आहे तो. उतरणारी वस्तू नावावर असण्यात मोठेपणा किती आणि तोटा किती, ते एकदा कागदावर मांडून बघू."

मांडायचे म्हणजे आधी आपले किलोमीटर मोजायचे. गाडी घेणारी बहुतेक माणसे हे करीत नाहीत. ती विचारतात, गाडी एका चार्जमध्ये किती जाते? आपण रोज किती जातो, हा प्रश्न आधी यायला हवा. आमचे असे निघाले : दवाखान्याला पोहोचवून परत १६ आणि आणायला जाऊन परत १६, असे ३२ किलोमीटर, आठवड्यातून तीनदा म्हणजे ९६. (तेथे नणंदबाई जवळच राहतात, त्या बसतात. आणायला मुलगी जाते, मंगळवार-गुरुवार तिचे काम घरून असते आणि शनिवारी सुट्टी.) सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलगी हिंजवडीला ऑफिसला जाते, रोजचे २८, म्हणजे ८४. रविवारचे इकडेतिकडे २०. एकूण आठवड्याला २००, महिन्याला साधारण ८७० आणि वर्षाला १०,४००.

आता गाडी. लहान, विजेवरच्या, शहरात चालवायच्या दोन गाड्या आम्ही प्रत्यक्ष चालवून पाहिल्या. एक एमजी कॉमेट. २०२३ साली आलेली, दोन दरवाजांची, चार माणसांची, लांबी २,९७४ मिलिमीटर, म्हणजे तीन मीटरलाही थोडी कमी. वळायला एवढी सोपी की आमच्या गल्लीत एका दमात फिरली. बॅटरी १७.३ युनिटची आणि बाजारात आली तेव्हा कंपनीचा दावा २३० किलोमीटरचा. आम्ही सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकलो. ज्यांना क्लच आणि गिअर यांची धास्ती वाटते त्यांना विजेची गाडी म्हणजे मोठा दिलासा. दोनच पॅडल, चढावर गाडी मागे घसरण्याची भीती नाही.

दुसरी टाटांची टियागो ईव्ही. २०२२ च्या सप्टेंबरात बाजारात आली. लांबी ३,७६९ मिलिमीटर, चार दरवाजे, बॅटरी १९.२ किंवा २४ युनिटची. मोठ्या बॅटरीला त्या वेळी कंपनीचा दावा ३१५ किलोमीटरचा होता. आमच्या हातात ती शहरात दोनशेच्या आसपास जाते. कंपनीचे आकडे चाचणीचे असतात. त्यातून तिसरा हिस्सा वजा करूनच विचार करावा म्हणजे फसगत होत नाही.

मुलीचे मन कॉमेटवर होते. आम्ही सासूबाईंना शोरूमला घेऊन गेलो. विक्रेत्याला नवल वाटले, पण जिच्यासाठी गाडी घ्यायची तिला बसवून बघायला नको? कॉमेटमध्ये त्या पुढे छान बसल्या. अडचण वॉकरची आली. मागची आसने उभी ठेवली तर सामानाला जागाच उरत नाही, आसन पाडले तर मागे एकच माणूस. शिवाय दोनच दरवाजे, म्हणून ते लांब. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना रिक्षा उभ्या असतात, दार पुरते उघडत नाही. डायलिसिसनंतर सासूबाईंचे पाय थरथरतात, तेव्हा अर्ध्या उघड्या दारातून त्यांना बाहेर काढणे आमच्याने झाले नसते. एकट्यादुकट्या माणसाने ऑफिसला जायला कॉमेट उत्तम, असे आमचे मत. आमच्या घरासाठी टियागो.

कॉमेटचा एक वेगळा प्रकारही त्या वेळी पाहिला. २०२४ च्या सप्टेंबरात कंपनीने बॅटरीशिवाय गाडी विकण्याची योजना आणली : गाडी ४ लाख ९९ हजारांना आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला अडीच रुपये. आमच्या ८७० किलोमीटरला २,१७५ रुपये झाले असते, वाईट नाही. पण अशा योजनांत काही वित्तसंस्था महिन्याला किमान १,५०० किलोमीटरचे पैसे धरतात. गाडी उभी राहिली तरी ३,७५० रुपये द्यायचे. म्हणजे आम्हांला अडीच नव्हे, सव्वाचार रुपयांच्या वर पडणार. 'किमान' हा शब्द कागदात कोठे आहे ते आधी शोधावे.

मुलीच्या कंपनीत गाडी लीजवर घेण्याची सोय आहे. भाडे पगारातून परस्पर कापले जाते आणि "करात बचत होते" असे तिथल्या बाईंनी तिला सांगितले होते. आम्ही तिचा पगाराचा कागद मागितला. वर्षाला साडेनऊ लाख. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदार माणसाला १२ लाख ७५ हजारांपर्यंत करच लागत नाही. मग जो कर भरायचाच नाही तो वाचणार कसा? मुलगी म्हणाली, "मम्मी, हे त्यांनी सांगितलंच नाही." त्यांनी खोटे सांगितले नव्हते. ज्यांचा पगार मोठा त्यांची बचत होते. आमच्या मुलीची शून्य.

शोरूममध्येही असाच एक गोड शब्द कानावर आला, की विजेच्या गाडीच्या कर्जावरच्या व्याजाला दीड लाखांची सूट आहे. ती सवलत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. नव्या कर्जाला नाही. विक्रेता तरुण पोरगा होता, त्याला बहुधा जुनेच पाठ करून दिले होते.

कंपनीच्या लीजमधले खरे विष मात्र तेराव्या कलमात होते. नोकरी सुटली तर ३० दिवसांत गाडी परत करायची, आणि पहिल्या दोन वर्षांत सुटली तर उरलेल्या मुदतीच्या भाड्याची निम्मी रक्कम एकदम भरायची. खाजगी नोकरी आज आहे आणि उद्या नाही. समजा बाराव्या महिन्यात मुलीची नोकरी गेली. २४ महिने उरले, भाडे १९,८०० रुपये, एकूण ४ लाख ७५ हजार २००, त्याचे निम्मे २ लाख ३७ हजार ६००. ज्या महिन्यात पगार थांबला त्याच महिन्यात हा बोजा. तो कागद आम्ही परत पाठविला. मुलीला राग आला, दोन दिवस बोलली नाही.

त्यानंतर आम्ही स्वतःच्या नावावर, कायम नोकरीच्या आधारावर, एका लीज कंपनीकडून कोटेशन घेतले. मोठ्या बॅटरीची टियागो, मुदत ३६ महिने, भाडे १९,८०० रुपये, अनामत ४०,००० आणि ती परत मिळणारी. विमा, सर्व्हिसिंग, टायर त्यांच्याकडे. ३६ महिन्यांचे झाले ७ लाख १२ हजार ८००, आणि शेवटी हातात काही नाही.

तीच गाडी विकत घेतली तर रस्त्यावर येईपर्यंत साडेदहा लाख. दोन लाख आपले, साडेआठ लाखांचे कर्ज, ९ टक्के, पाच वर्षे. हप्ता १७,६४५. भाड्यापेक्षा हप्ता कमी दिसतो, आणि नेमके येथेच माणूस कागद मिटतो. मिटू नये. तीन वर्षांत हप्त्यांचे ६ लाख ३५ हजार, आधी भरलेले दोन लाख, पुढच्या दोन वर्षांचा विमा आणि सर्व्हिसिंग मिळून पाऊण लाख, आणि तीन वर्षांअखेर बँकेचे उरलेले कर्ज ३ लाख ८६ हजार. सगळे फेडून मोकळे व्हायचे तर १२ लाख ९६ हजार. यातून भाड्याचे ७ लाख १३ हजार वजा केले की ५ लाख ८३ हजार उरतात.

सगळ्या वादाचा निकाल या एका आकड्यात आहे. तीन वर्षांनी ही गाडी ५ लाख ८३ हजारांच्या वर विकली जाणार असेल तर विकत घेणे फायद्याचे. खाली जाणार असेल तर भाडे फायद्याचे. बॅटरी आणि मोटर यांना कंपनीची आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते, म्हणून जुनी विजेची गाडी अगदी मातीमोल होत नाही. पण नवी मॉडेले भराभर येत आहेत आणि जुन्या विजेच्या गाडीचा भाव तीन वर्षांनी काय असेल हे छातीठोकपणे कोणी सांगत नाही. लीजमध्ये ही जोखीम त्या कंपनीची असते. आणि दुसरे म्हणजे आमचे दोन लाख बँकेत राहतात. धाकट्याची बारावी तोंडावर आहे, त्याच्या फीला ते हात लावायचे नाहीत असे आधीच ठरलेले.

पेट्रोलची गाडी स्वस्त नाही का पडणार, असे मिस्टरांनी विचारले. रास्त प्रश्न. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. विजेच्या गाड्यांवर तो पूर्वीपासून ५ आहे, त्यामुळे दोहोंतले अंतर कमी झाले. ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी आम्हांला तीन लाखांनी स्वस्त मिळत होती. ८७० किलोमीटरला शहरात ५८ लिटर, म्हणजे सहा हजारांचे पेट्रोल. विजेला किलोमीटरमागे युनिटचा दहावा हिस्सा धरला तर ८७ युनिट, आमच्या बिलाच्या दराने अकराशे रुपये. बचत ४,९००. तीन लाख भरून निघायला पाच वर्षे! म्हणून विकत घ्यायची असेल आणि चालवणे आमच्याएवढेच असेल, तर "पेट्रोल वाचेल" एवढ्या कारणावर विजेची घेऊ नका, असे आम्ही स्पष्ट सांगतो. लीजमध्ये मात्र चित्र उलटले. पेट्रोल गाडीचे भाडे आम्हांला १७,१०० सांगितले, फरक फक्त २,७०० चा, आणि इंधनात वाचतात ४,९००.

विजेच्या बिलाविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते. आमच्या घरी १९० युनिट जळतात, ८७ मिळवून २७७, म्हणजे तीनशेच्या आत राहिलो. ज्यांच्या घरी आधीच अडीचशे जळतात त्यांचे गाडीचे युनिट वरच्या टप्प्यात जातील. त्यांनी हिशेब त्या दराने करावा.

प्लगसाठी सोसायटीशी महिनाभर झगडलो. सेक्रेटरी म्हणाले, "एकाला दिलं की सगळे मागतील, ताई." मागू देत की! केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरच्या चालू वीज जोडणीवरून गाडी चार्ज करण्यास मुभा दिलेली आहे. त्या पानाची झेरॉक्स जोडून अर्ज दिला. आमच्याच मीटरवरून तार, परवानाधारक वायरमन, चांगले अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच, एवढ्या अटींवर ठराव झाला. साधा १५ अँपिअरचा प्लग पुरतो. २४ युनिटची बॅटरी त्यावर पूर्ण भरायला आठ-नऊ तास लागतात हे खरे, पण रोज रिकामी होतेच कोठे? तीस किलोमीटरचे तीन युनिट, दीड तासात भरतात. टोलमाफीचे लोक फार कौतुकाने सांगतात. २०२५ च्या राज्य धोरणाने विजेच्या मोटारींना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर ती जाहीर केली. आम्हांला तिचा उपयोग नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आम्ही रेल्वेनेच जातो.

करारात आम्ही चार ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या. किलोमीटरची मर्यादा वर्षाला १०,००० होती, वरच्या प्रत्येकाला आठ रुपये. विक्रेता १२,००० ची मर्यादा घ्या म्हणाला, महिन्याला ६०० जास्त, वर्षाचे ७,२००. आमचे जास्तीचे किलोमीटर ४००, त्याचे ३,२००. अर्थात १०,००० चीच घेतली. मग परत देतानाचे ओरखडे. वस्तीतल्या एका मुलाने भाडेपट्ट्याची गाडी परत केली तेव्हा त्याच्याकडून ओरखड्यांचे ३८,००० कापले, आणि ओरखडे आधीचे होते हे सांगायला त्याच्याजवळ एकही फोटो नव्हता. आम्ही गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी फोटो काढून त्याच दिवशी कंपनीला ईमेल केले. पंचनामाच म्हणा. तिसरे, अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली आणि विम्याची रक्कम कमी पडली तर तूट कोणाची, ते लेखी घेतले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे लीजच्या गाडीचा 'मालक' म्हणजे करारानुसार ती जिच्या ताब्यात आहे ती व्यक्ती. मिस्टरांना हे वाचून दाखविले तेव्हा ते प्रथमच हसले. "म्हणजे मालकी नाही, पण जबाबदारी मालकाची." अगदी बरोबर.

चौथी खूण मुदतीपूर्वी परत करण्याच्या कलमावर होती. येथे सहा महिन्यांनंतर कधीही परत करता येते, तीन महिन्यांचे भाडे, म्हणजे ५९,४०० भरून. हे कलम आम्ही का इतक्या बारकाईने वाचत आहोत हे घरात कोणी विचारले नाही, सर्वांना ठाऊक होते. सासूबाई कॉटवर बसून ऐकत होत्या.

"किती सालाचा कागद हाय गं?" त्यांनी विचारले.

"तीन वर्षांचा, आत्या."

"मंग तीन साल तर मला ऱ्हावं लागंल. दंड नगं भराया."

मुलगी उठून आत गेली. ती परत आली तेव्हा तिने स्वतःच सांगितले, भाड्यातले दहा हजार ती देणार.

खरे सांगायचे तर सगळा हिशेब मांडूनही गाडी स्वस्त नाही. आधी दवाखान्याच्या फेऱ्यांना सहा हजार आणि मुलीच्या जाण्यायेण्याला साडेतीन हजार जात. आता भाडे आणि वीज मिळून २०,९०० जातात. ११,४०० चा जादा भार आहे, आणि तो उचलायला आम्ही घरातली दुसरी खरेदी बंद केली. ज्यांच्या घरी अशी पहाटेची वेळ गाठायची नाही त्यांनी खुशाल रिक्षाने जावे.

आता आम्ही पाच दहाला निघतो आणि पावणेसहाच्या आत पोहोचतो. दवाखान्याचा रखवालदार पायरीजवळ गाडी थांबू देत नाही, तेवढी एक कटकट रोज होते. कोणाला लीजचा कागद वाचून घ्यायचा असल्यास रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही विहारात असतो. येताना पगाराचा कागद आणि महिन्याच्या किलोमीटरचा अंदाज सोबत आणावा, आणि कागद सहीपूर्वीचा आणावा.